डाव्या कानात वारं

माझ्या रिक्षात माझ्या सीटच्या पाठीला एक पाटी लावलेली आहे. पांढरा पत्रा, लाल अक्षरं. "डावा कान बंद आहे. उजव्या बाजूने मोठ्याने बोला. सल्ला देऊ नये." पाटी रंगवणारा शेवटची ओळ लिहायला तयारच होईना. म्हणाला, "दिनूशेठ, गिऱ्हाईक दुखावेल." मी म्हटलं, "दुखावू दे. तू लिही."

तरी लोक सल्ला देतातच. मारुती मंदिरापासून बंदरापर्यंत जायचं असतं, तेवढ्यात पाटी वाचून होते आणि मागून सुरू होतं. आमच्या आत्याला असंच झालं होतं, तिने ओवा भाजून कानाला शेक दिला. आमच्या साहेबांना असंच झालं होतं, त्यांनी नाक दाबून फुंकर मारली, फट्‌दिशी कान मोकळा झाला. मी आरशात बघतो आणि म्हणतो, "पाटीची शेवटची ओळ वाचलीत का?" मग ते गप्प बसतात. काही उतरताना रागाने बघतात. बघू देत.

कुणाला माझी दया यावी म्हणून हे लिहीत नाही. मला अजून राग आहे आणि तो कुठेतरी उतरवायला हवा, म्हणून लिहितोय. शिवाय हे वाचून एखादा माणूस जरी त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे धावला, तरी पुष्कळ झालं.

स्पीकर

मंगळवार होता. सकाळी स्टँडवर रिक्षा लावली आणि रोजच्यासारखा रेडिओ लावला. माझ्या रिक्षात मागे दोन स्पीकर आहेत, डावा आणि उजवा. तीस वर्षं रिक्षा चालवतोय, त्यात एक दिवस गाण्याशिवाय गेला नसेल. मला धांगडधिंगा लागतो. ठेका पाहिजे, गिटार पाहिजे, मग ते इंग्रजी असो की अरबी. स्टँडवरचे दुसरे रिक्षावाले चिडवतात, "दिन्याची रिक्षा म्हणजे दुबईची लग्नाची वरात."

त्या दिवशी डावा स्पीकर गप्प होता. मी त्याला दोन थापडा मारल्या. वायर काढून परत लावली. मग दुकानात जाऊन वायर बदलली, तरी नाही. शेवटी आख्खा स्पीकर नवा बसवला. दुकानदार म्हणाला, "अहो, दोन्ही वाजतायत की." मी त्याच्याशी भांडलो. म्हटलं, मला शिकवतोस काय, डावा बंद आहे, मला कळत नाही होय?

दुपारी सुजाताचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन आला. सवयीने डाव्या कानाला लावला. हॅलो हॅलो करत बसलो, पलीकडे सामसूम. कट केला. परत आला, परत सामसूम. तिसऱ्यांदा चुकून उजव्या कानाला लावला, तर सुजाता ओरडत होती, "अहो, बहिरे झालात काय?"

मी रिक्षात बसून डाव्या कानाजवळ चुटकी वाजवली. काही नाही. कान खाजवला तर कातडी घासल्याचा आवाजसुद्धा नाही. आत मात्र एक खरखर चालू होती, दोन स्टेशनांच्या मधे काटा अडकला की येते तशी. चांगला स्पीकर मी फुकट बदलला होता.

कानात वारं शिरलंय

संध्याकाळी सुजाताने अक्काला फोन केला. अक्का माझी थोरली बहीण, लांज्याला दिलेली. आई लवकर गेली, तेव्हापासून घरात कुणाला शिंक आली तरी आधी अक्काला कळवायचं, ही आमची रीत. डॉक्टर नंतर. अक्का फोनवर हसली आणि म्हणाली, "अगो, कानात वारं शिरलं असेल त्याच्या. दिवसभर उघड्या रिक्षात बसतो मेला. येते मी उद्या."

हे वाक्य आमच्या घरात जुनं आहे. वासरू उधळलं की म्हणतात ना, कानात वारं शिरलं, तसं आई आम्हा दोघांना म्हणायची. ते का म्हणायची ते पुढे सांगतो. अक्का हसली ती त्या आठवणीने. मीही हसलो. भीती जरा कमी झाली, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या एसटीने हजर. पिशवीत खोबरेलाची बाटली, लसूण, कापूस आणि एक लोकरी मफलर. रत्नागिरीत मे महिन्यात मफलर! लसूण घालून तेल कोमट केलं, माझं डोकं मांडीवर घेतलं, चमचाभर तेल कानात. वरून कापसाचा बोळा. वरून मफलर. असं सकाळ-संध्याकाळ नऊ दिवस.

नऊ दिवस. हा आकडा मी आता मनात घोकतो, शाळेत पाढेही कधी घोकले नाहीत इतका.

स्टँडवरचे सगळे तिच्याच बाजूचे. "वारंच ते. आमच्या धंद्यात होतंच." एकाने धुरी सांगितली, एकाने कांद्याचा रस. दहाव्या दिवशी मीच कंटाळून गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलो. त्याने कानात बॅटरी मारली, आत नुसतं अक्काचं तेल दिसलं असेल त्याला. म्हणाला, "सर्दी आहे, मळही आहे, थेंब टाका, पंधरा दिवसांत मोकळा होईल." जीभ बघतात तेवढा वेळसुद्धा त्याने माझ्या कानाला दिला नाही.

आणि एक खरं सांगतो, कारण राग फक्त दुसऱ्यांवर काढला तर मी लबाड ठरेन. ते नऊ दिवस मला बरं वाटत होतं. बावन्न वर्षांचा बाप्या मी, बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचो आणि ती केसांतून हात फिरवायची. असं कुणी फिरवलं नव्हतं कित्येक वर्षांत. मी मनात म्हणायचो, जाईल दोन दिवसांत. आणि दोन दिवस पुढे ढकलायचो.

ओ रिक्षा

सोळाव्या दिवशी एक बाई माझ्या रिक्षासमोर आडव्या आल्या. शब्दशः आडव्या. करकचून ब्रेक मारला. त्या तणतणत आत बसल्या. "तीन हाका मारल्या! तोंड बघून भाडं घेता काय तुम्ही?"

रस्त्यावर माणसं डावीकडे उभी राहतात. हाक डावीकडून येते. सोळा दिवसांत माझी किती भाडी गेली ते मला त्या क्षणी कळलं. मी म्हटलं, "बाई, माफ करा, डाव्या कानात वारं शिरलंय."

त्या एका इस्पितळात सिस्टर होत्या. मग पुढे वाकून माझ्या उजव्या कानाशी म्हणाल्या, "एका रात्रीत गेला का? दुखलं नव्हतं? आत आवाज येतोय?" मी हो हो म्हणत गेलो. तर त्या अशा काही ओरडल्या की शेजारच्या टपरीवरचा माणूस बघायला लागला. "वारं? कसलं वारं? रिक्षा वळवा. आत्ता. माझी ड्युटी राहू दे, मी येते तुमच्याबरोबर."

त्या बाईचं नाव मी विचारलंच नाही. भाडंही घेतलं नाही, एवढंच काय ते माझ्या हातून झालं.

असतात तर

कानाच्या डॉक्टरीण बाई तरुण, चष्मा, केस घट्ट बांधलेले. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?" मी म्हटलं, "सोळा." त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. त्या पेन ठेवण्यातच मला सगळं समजलं.

"आतली नस अचानक बसते कधी कधी. का, ते पुष्कळदा कळत नाही. पहिल्या आठवड्यात आला असतात तर..."

मी म्हटलं, "पुढे बोलू नका."

त्या बोलल्या. बोलणं त्यांचं कामच होतं. म्हणाल्या, गोळ्या सुरू करू, उशीर झालाय पण सोडून द्यायचं नाही. गोळ्यांनी नाही भागलं तर कानाच्या पडद्यातून इंजेक्शन देऊ. किती परत येईल ते सांगता येत नाही. सगळा येईल, थोडा येईल, किंवा काही येणार नाही. मी विचारलं, "तेलाने गेला का?" त्या म्हणाल्या, "तेलाने नाही गेला. तेलात दिवस गेले."

बाहेर आलो, रिक्षात बसलो, आणि उजव्या कानाला फोन लावून अक्काला म्हटलं, "तू माझा कान घालवलास." एवढंच नाही म्हटलं. आणखीही पुष्कळ म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती म्हणाली, "मी काय वाईट चिंतून केलं होय रे?" आणि फोन ठेवला.

वाईट चिंतून केलं नाहीस, ते मला माहीत आहे गो. पण "चुकलं" हा एक शब्द तोंडातून निघाला असता तर काय जीभ झडली असती? त्यानंतर चार महिने आम्ही बोललो नाही.

काजूची बी

आता ते वारं कुठून आलं ते सांगतो.

आम्ही मूळचे पूर्णगडचे. आमच्या घराच्या आणि शेजारच्या इब्राहिमचाचांच्या घराच्या मधे चिऱ्याचा गडगा होता, कमरेएवढा. चाचा कुवेतला कामाला. एका सुट्टीत त्यांनी ट्रान्झिस्टर आणला, चामड्याच्या पिशवीतला. चाचांच्या अम्मा आजारी, त्यांना आवाज सोसायचा नाही, म्हणून रेडिओ घरात वाजायचा नाही. पण त्याच्याबरोबर कानात घालायचं एक बटण आलं होतं. एकच. वायर लांब, बटण पिवळट आणि वाकडं. आम्ही त्याला बी म्हणायचो, काजूची बी.

दिवेलागणी झाली की खतिजाचाची रेडिओ गडग्यावर आणून ठेवायची. "पोरांनो, पाडू नका हां, चाचा माझा जीव घेतील." आम्ही दोघं गडग्यावर. अंधार पडला की समुद्रावरून आखातातलं स्टेशन यायचं. दिवसा नाही यायचं, दिवस बुडाला की यायचं. त्यावर तासभर इंग्रजी पॉप लागायचं. कोण गातं, काय गातं, आम्हाला शून्य कळत होतं. पण तो ठेका! पायांना राहवायचंच नाही. गडग्यावर उभं राहून मी असा काही नाचायचो की आई ओटीवरून ओरडायची, "शिंच्यांनो, उतरा! कानात वारं शिरलंय कार्ट्यांच्या!"

बी एक आणि आम्ही दोघं. अक्काने वाटणी ठरवली होती. बी माझ्या डाव्या कानात, वही तिच्या मांडीवर. मी ऐकायचो आणि ऐकू आलं तसं मोठ्याने म्हणायचो. ती विचारायची, "काय म्हणतोय?" आणि मी म्हणेन ते देवनागरीत लिहून घ्यायची. दुसऱ्या दिवशी नदीवर कपडे धुताना ती ती गाणी म्हणायची, अगदी जोरात, मान हलवून. सगळी वाडी ऐकायची. त्या वहीत काय काय होतं! "बेबी बेबी भात कमी." "ओ माय हार्ट, शेवगा काट." आणि एक आमचं सर्वांत लाडकं, "आय एम गोईंग टू लांजा."

मी शपथेवर सांगायचो की तो गोरा माणूस लांजाच म्हणतोय. अक्का म्हणायची, "मेल्या, त्याला लांजा कुठून माहीत?" मी म्हणायचो, "मुंबई-गोवा रस्त्यावर आहे की. बसमधून बघितलं असेल." तिने लिहून घेतलं. पुढे सहा वर्षांनी तिचं लग्न ठरलं, स्थळ लांज्याचं. हळदीच्या दिवशी चाची, आई, सगळ्या जणी माझ्याकडे बघून हसत होत्या. रेडिओनेच जमवलं म्हणाल्या. अक्का रडत होती आणि मधेच हसत होती.

हे सगळं त्या डाव्या कानातून झालं होतं. मला तो कान परत हवा होता. नुसतं ऐकू यायला पाहिजे म्हणून नाही, हाच पाहिजे म्हणून.

तुमचे दिवस, माझा कान

आमच्या शाळेचा मोबाईलवर ग्रुप आहे. तिथे रोज सकाळी कुणीतरी जुन्या रेडिओचा फोटो टाकतं. खाली लिहिलेलं असतं, काय दिवस होते ते, पुन्हा येणे नाही. त्यावर पन्नास हात जोडलेले, वीस रडकी तोंडं. पूर्वी मीही टाकायचो. सगळ्यांत जास्त मीच टाकायचो.

गोळ्या चालू असताना एकदा असा फोटो आला, चामड्याच्या पिशवीतल्या रेडिओचा. मी लिहिलं, "तुमचे दिवस गेले, माझा कान गेलाय. तुमच्याकडे दोन धड कान आहेत, लावा रेडिओ आणि ऐका. रडता कशाला?" मग एकाने खासगीत विचारलं, दिनू, बरा आहेस ना? आणि पुढच्याच ओळीत लिहिलं, कानात कोमट तेल घाल. मी ग्रुप सोडला.

गोळ्यांनी तोंड सुजलं, भूक इतकी की सुजाता भाकऱ्या भाजता भाजता दमली, आणि झोप नाही. डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, ह्या गोळ्यांनी चिडचिड होते. सुजाता मान डोलावत म्हणाली, "मॅडम, गोळ्यांच्या आधी तरी कुठे कमी होती?" बाई हसल्या. मी नाही हसलो. तेव्हा नाही.

सुजाताचंही सांगायला हवं. ती माझ्या डावीकडे झोपते, लग्न झाल्यापासून. त्या दिवसांत ती काहीतरी बोलायची, मी उत्तर द्यायचो नाही, तिला वाटायचं मी रागात आहे. मी पुष्कळदा रागात असायचोच, पण तेव्हा नसायचो. मला ऐकूच गेलेलं नसायचं. एक दिवस ती न बोलता उठली, गादीची जागा बदलली आणि माझ्या उजवीकडे येऊन झोपली. ह्या आख्ख्या आजारात माझ्यासाठी कुणी केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच.

दार की घर

मेंदूचा फोटो काढला, आत गाठबिठ नाही ना बघायला. एमआरआयच्या त्या नळीत असा ठोकाठोकीचा आवाज होता, की एरवी मी त्यावर ताल धरला असता. मी नुसता देवाचं नाव घेत पडून होतो. गाठ नव्हती. रिपोर्ट हातात घेऊन सुजाता जिन्यातच बसली आणि पदराने तोंड झाकून रडली.

मग इंजेक्शनं. आठवड्याला एक, अशी चार. सुई कानाच्या पडद्यातून आत. दुखतं, उगाच धीर देत नाही. पण त्याहून वाईट पुढचा अर्धा तास. कुशीवर पडायचं, बोलायचं नाही, आवंढासुद्धा गिळायचा नाही, नाहीतर औषध घशात उतरतं. रिक्षावाल्याला अर्धा तास गप्प ठेवणं ही शिक्षा आहे. पडल्या पडल्या मी अक्काशी मनातल्या मनात भांडायचो. एकेका अर्ध्या तासात पाच पाच भांडणं व्हायची आणि सगळी मीच जिंकायचो.

चौथ्या इंजेक्शननंतर तपासणी. काचेची खोली, कानावर हेडफोन, पलीकडे एक मुलगी. आधी शिट्ट्या, ऐकू आली की बटण दाबायचं. मग शब्द. ती डाव्या कानात शब्द म्हणणार, तो मी परत म्हणायचा.

मी म्हटलं, "दार." तिने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, "जांभा." परत लिहिलं. "पाट." लिहिलं. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी हेडफोन काढून विचारलं, "बरोबर की चूक?" ती म्हणाली, "काका, हेडफोन काढू नका." मी म्हटलं, "काढणार. दार म्हणालीस की नाही?" ती घाबरून म्हणाली, "घर म्हटलं होतं. दुसरा आंबा होता. तिसरा हात."

आंब्याचा जांभा! रत्नागिरीत राहून मला आंबा ऐकू येईना. मी त्या पोरीवर ओरडलो, तिची काही चूक नसताना. बाहेर येऊन तिची माफी मागितली. मला मागता येते माफी.

डॉक्टरीण बाईंनी कागदावरची रेघ दाखवली. जाड आवाज बरेचसे परत आले होते. ढोल, इंजिन, माणसाच्या बोलण्यातला घुमार. बारीक आवाज गेले ते गेले. "शब्द बारीक आवाजांत असतात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणीतरी बोलतंय हे कळेल. काय बोलतंय ते नाही कळणार. ह्यापुढे फार फरक पडेल असं मला वाटत नाही." मी विचारलं, "आणि उजवा?" त्या म्हणाल्या, "उजवा उत्तम आहे. त्याला जपा. त्यात काही घालू नका." माझ्या बाजूला सुजाता होती, तिने माझा दंड धरला.

वही

सुजातानेच कळवलं असणार. रविवारी अक्का दारात उभी. हातात पिशवी. मी आधी पिशवी बघितली, म्हटलं परत तेल आणलंय काय. तिने वही काढली. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई पसरलेली.

मी म्हटलं, "ही कशाला आणलीस?"

"असूंदे म्हटलं," ती म्हणाली.

चहा झाला. ती माझ्या डावीकडे बसली, गडग्यावर बसायची तशी. सवय. सुजाताने तिला खुणेने सांगितलं, दुसरीकडे बसा. मी म्हटलं, "बसू दे." आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी रेडिओ लावला, डाव्या कानाजवळ नेला आणि उजव्या कानात बोट घातलं. अक्काने माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण ते विचारायची तिची पद्धत मला पाठ आहे. काय म्हणतोय?

मी बोट काढलं. "काही म्हणत नाही. नुसता ठेका येतोय."

ती म्हणाली, "तेव्हा तरी आपल्याला कुठे शब्द कळत होते दिनू?"

माझा पार तोल गेला. "तेव्हा ती भाषा येत नव्हती! आता कान नाहीये! दोन्ही एकच समजतेस काय? नऊ दिवस, अक्का! नऊ दिवस माझं डोकं मांडीवर घेऊन बसलीस, एकदा म्हणाली असतीस, चल डॉक्टरकडे. एकदा!"

"तू तरी म्हणालास होय?"

"नाही म्हणालो! माझं चुकलं! हे बघ, मला म्हणता येतं. माझं चुकलं. आता तू म्हण."

ती वहीच्या कडा बोटाने साफ करत बसली. दोन दिवस राहिली. सुजाताला काजूची उसळ करून घातली, माझे शर्ट उसवले होते ते शिवले, घर झाडून काढलं. तो एक शब्द सोडून सगळं केलं.

एसटी स्टँड

मंगळवारी तिला स्टँडवर सोडायला गेलो. रिक्षात बसल्यावर तिने पाटी वाचली. आरशात मला दिसत होती. मोठ्याने विचारलं, उजव्या बाजूला सरकून, "सल्ला देऊ नये हे माझ्यासाठी लिहिलंस काय?"

मी म्हटलं, "हो."

स्टँडवर माझ्या उजवीकडे एक बस इंजिन चालू ठेवून उभी, पाठीमागे हॉर्न, कंडक्टर ओरडतोय. अक्का डावीकडून उतरली. पिशवी खांद्याला लावली, दोन पावलं गेली, परत आली. वाकली आणि माझ्या डाव्या कानाशी काहीतरी बोलली.

मला घुमार आला. दोन-तीन ठोके, शेवटी जरासा ओढलेला. शब्द एकही नाही. तिचा चेहरा कानाशी, म्हणून ओठही दिसले नाहीत.

मी वैतागून म्हटलं, "काय? गोईंग टू लांजा?"

ती सरळ झाली. तिचे डोळे भरलेले. आधी हसली, मग तोंडावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघत, ओठ मोठे करून, सावकाश म्हणाली, "चुकलं माझं, म्हटलं."

"मग ते मेलेल्या कानात काय सांगतेस?" मी इतका ओरडलो की कंडक्टर ओरडायचा थांबला. "चार महिने थांबलोय मी! इकडे ये. ह्या कानात सांग!"

लांज्याची बस लागली होती, लोक चढत होते. तरी ती पिशवी सावरत रिक्षाला वळसा घालून आली, माझ्या उजव्या कानाशी वाकली आणि म्हणाली. मला पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी तिला दुसऱ्यांदा म्हणायला लावलं.